आनेकेची बोली बंद

२ नोव्हें., रवि.
वरच्या मजल्यावरची आनेके रडवेली होऊन आली. दक्षिण आफ्रिकेची, घरची भाषा आफ्रिकान्स. इथे मस्कतजवळ अल अमेरातच्या नर्सरीत इंग्रजी शिकवते. नव्या प्रिन्सिपलबाईंनी बजावलंय: तेरा तारखेला, गुरुवारी, पालकांसमोर वर्ग घ्या. तुमचे उच्चार मुलं उचलतात, तक्रारी आहेत. सुधारले नाहीत तर करार संपला. म्हणजे व्हिसाही.
"तानी, शिकवाल?" त्यांच्यात मावशीला तानी म्हणतात. हो म्हटलं.

४ नोव्हें., मंगळ.
मेणबत्ती काढली. कोल्हापूरला कॉन्व्हेंटात सिस्टर अशीच ओठांसमोर धरायच्या. 'पी' म्हटलं की ज्योत हलली पाहिजे. आनेकेची हलेना. शब्दाच्या शेवटचा 'ड' दर वेळी 'ट' होतो. सिस्टरांच्या हाताला लाल साबणाचा वास यायचा. आज उगीच आठवला.

६ नोव्हें., गुरु.
'व्ही' आणि 'डब्ल्यू' जमले, म्हणून शाबासकी दिली. स्वयंपाकघरातून हे: "जमले कसले! दोघींचा एकच व आहे."
मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं. खरंच. तिचा चुकतो, आणि माझ्या मराठी कानाला ते कळतच नाही! आता आरसा. 'व्ही'ला वरचे दात ओठावर, 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू. तिच्याबरोबर मीही गिरवतेय, या वयात.

८ नोव्हें., शनि.
आठवडाही उरला नाही. कडक झाले. गुरुवारपर्यंत आफ्रिकान्स बंद. घरी, फोनवर, प्रार्थनेतसुद्धा. आमच्या शाळेत मराठी बोलणारीच्या गळ्यात लाकडी पट्टी अडकवायच्या, दुसरी कुणी सापडेपर्यंत. त्यानेच माझं इंग्रजी सुधारलं. निदान मी तसं समजते.
हे म्हणाले, "तिचं तोंड उघडतेयस की शिवतेयस?"


११ नोव्हें., मंगळ.
ज्योत हलली! 'पेन', 'पेपर', 'पार्क', सगळ्याला. पण आनेके हसली नाही.
काल आईला फोन केला होता तिने, नियमाप्रमाणे इंग्रजीत. आई तिकडे वृद्धाश्रमात. नजर गेलेली, आवाजावर माणसं ओळखते. आईने अदबीने सांगितलं, "माझी मुलगी मस्कतला असते हो. तिचा फोन यायचाय, लाइन मोकळी ठेवा." आणि ठेवून दिला.
"म्हणजे उच्चार सुधारले असणार, मॅडम," आनेके म्हणाली.
मॅडम.


१२ नोव्हें., बुध.
नियम मागे घेतला. वर जाऊन सांगितलं, आईशी बोल बाई. "उद्या, वर्ग झाल्यावर. आज बोलले तर सगळं परत येईल." दार लावून घेतलं. आतून तिचं 'पी, पी' चालूच. मी जिन्यात उभी...

१३ नोव्हें., गुरु.
सकाळी नर्सरीच्या फाटकातून तिचा फोन. "बोलले आईशी. आत्ताच, गाडीत बसून. राहवलंच नाही. आमच्या शेतावरची सगळी कुत्री नावानिशी आठवली तिला. आता जीभ पार तिकडचीच झालीय. काय करू?"
मागे पोरांचा गलका. कुणीतरी "यल्ला, यल्ला" करत त्यांना आत पिटाळत होतं.
दात, ओठ, श्वास, कितीतरी सांगायचं होतं. एवढंच विचारलं, "आईने ओळखलं?"
"पहिल्याच शब्दाला."
"मग जा आत."
दुपार झाली. तिचा फोन नाही. आपण करायचा नाही, असं ठरवलंय. पालक अजून बसले असतील का? प्रिन्सिपलबाईंनी थांबवून घेतलं असेल?
हे ताटावर बसलेत. म्हटलं, तुम्ही घ्या वाढून.