केळीच्या चिकाचा डाग

माय, उद्या जळगावच्या कोर्टात माझी साक्ष आहे, आणि ती तुझ्याबद्दल आहे. तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी मी आमदार झाले. आमदाराची माहिती इंटरनेटवर असते, तशी माझीही आहे. त्यात लिहिलंय, जन्म प्रगतिशील शेतकरी कुटुंबात, आई गृहिणी. आपल्याकडे टीचभर जमीन नव्हती, आणि दिवसाउजेडी तू घरात सापडायचीस कधी?

चूक आमच्याच लोकांची. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला कार्यकर्ते पेपरात पुरवणी काढतात. फोटो बदलतो, मजकूर तोच राहतो, त्यामुळे आमच्याकडचा प्रत्येक पुढारी प्रगतिशील शेतकऱ्याच्याच पोटी जन्मतो. माझ्या पुरवणीतलं तेच वेबसाइटवाल्यांनी उचललं. दुरुस्त करा म्हटलं तर म्हणाले, आमच्याकडे छापील पुरावा आहे, तुमच्या तोंडी सांगण्यावर बदलता येत नाही. म्हणजे माझी आई कोण होती हे मला सोडून सगळ्यांना माहीत. मग मी दावा लावला. वकील हसले. "ताई, लोक बदनामी पुसायला कोर्टात येतात, तुम्ही कौतुक पुसायला आलात." आमचे जिल्हाध्यक्ष मात्र हसले नाहीत. "शेतकऱ्याची लेक म्हणून मतं पडतात, ताई. दावा मागे घ्या, नाहीतर पुढच्या तिकिटाचं मी काही सांगू शकत नाही." मी म्हटलं, तिकिटाचं तुम्ही बघा, दावा राहील.

तेव्हापासून असोद्याची ती केळीची बाग सारखी दिसते. तू खांद्यावर घड घेऊन चिखलातून ट्रककडे येतेस, चीक मानेवरून लुगड्यावर ओघळतो. वाळला की तो काळा पडतो, मग साबण नाही की राख नाही, काही चालत नाही. शाळेत पालकांना बोलावलं होतं त्या दिवशी तू कामावरून तशीच निघालीस. दुसरं लुगडं नेस म्हणून मी हटून बसले, तेव्हा तू खेकसलीस, "डाग शे ते काय व्हयनं? कामना शे, चोरीना नही." आणि कामाच्या डागाची लाज न धरता पुढे होऊन चालायला लागलीस. वर्गात गुरुजींच्या समोरच जाऊन बसलीस, पदर आवरून घेतला नाहीस. माझी मान खाली होती, तुझी नव्हती.

तुझ्या मजुरीचा कागद कुठेच नाही, म्हणून तुझ्याबरोबर घड वाहणारी, तुझ्याच धुळ्याकडची अक्का साक्षीला येणार आहे. गुडघे दुखतात तिचे. जमेल का विचारलं तर म्हणाली, "तुनी माय बठ्ठास्ना पुढे चाले. कोर्टमा मी सांगसू." घड वाहताना सगळ्यांच्या पुढे तूच असायचीस, हे तिच्या अजून लक्षात आहे.

वकील मला पहिलंच विचारणार, आई काय करायची? उत्तर एवढंसं आहे: केळीचे घड वाहायची. सभा गाजवणारी मी, पण आरशासमोर हे वाक्य म्हणून पाहिलं की दर वेळी रडू फुटतं. उद्याही फुटेल, तरी वाक्य पुरं करीन.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुला वाचता येत नव्हतं, तुझी पत्रं मीच वाचून दाखवायचे. फक्त एक सांगते, जे वकिलांना सांगितलं नाही. तिकीट जाईल याची मला भीती वाटते, माय. तुझ्या लुगड्याचा तो डाग पडलेला पदर पर्समध्ये ठेवलाय. पुरावा म्हणून तो चालत नाही म्हणे. मला धरायला लागेल.