राजधानीमार्गे

१९ मार्च, दुपार

चि. ताईस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. पिशवी मीच उघडली होती, अगदी तळाशी होतं. अक्षर ओळखलं आणि तसंच खिशात घातलं. आधी शिक्का मारायचा असतो, पण सगळ्या नोकरीत एवढा एकच नियम मोडला.

तू विचारलंस त्याची उत्तरं देतो. घर शाबूत आहे. जिन्यातली काच फुटली, तिथे पुठ्ठा लावलाय. पाणी सकाळी येतं. शेजारचे शिंपीकाका सुखरूप आहेत आणि अजूनही सगळ्यांचे सदरे आखूडच शिवतात. माझा गुडघा होता तसाच आहे. आईचं पुढे लिहितो.

पिल्लूने तुझ्या पत्राच्या कोपऱ्यात विचारलंय, ‘आजोबा, शत्रूला राजधानीच का हवी असते? दुसरं गाव का चालत नाही?’ आजोबा पोस्टात आहेत, सेनापती नाहीत, हे तिला सांग. तरी इथे बसून जे दिसलं ते लिहितो. तिला वाचून दाखव, पण आधी सगळं तू एकटी वाच.

आमचा सॉर्टिंगचा हॉल तू लहानपणी पाहिला आहेस. भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणावर एका गावाचं नाव. कुठल्याही गावाचं पत्र कुठेही जायचं असो, आधी आमच्याकडे यायचं. तुझं आणि धाकट्याचं गाव एकाच पुलाच्या दोन टोकांना, पण तुझ्या गावची डाकसुद्धा इथे येऊन मग पलीकडे जायची. पिशवीवर ‘राजधानीमार्गे’ असं लिहिलेलं असायचं. हुकूम, पगार, रेडिओवरच्या बातम्या, सगळ्याचं असंच. त्यामुळे शत्रूला वाटतं, ही एक जागा धरली की सगळे दोर हातात आले. आणि दुसरं म्हणजे, राजधानी पडली हे ऐकूनच लांबच्या माणसाचा धीर सुटतो. निम्मी लढाई तिथेच जिंकता येते.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. त्यांचे रणगाडे पोस्टासमोर उभे राहिले त्या दिवशी मी घरी येऊन आईला म्हटलं, ‘संपलं सगळं.’

ती भाजी चिरत होती. म्हणाली, ‘तुमचं हेड ऑफिस गेलं म्हणून लोक काय पत्रं लिहायची थांबणार आहेत? हात धुवा, बसा.’

त्यांच्या अधिकाऱ्याने आम्हाला कामावर परत बोलावलं. तरुण होता, उद्धट नव्हता. त्याने एक जाहीरनामा छापून घेतला : राजधानी पडली आहे, शस्त्रं खाली ठेवा. गावोगावच्या पिशव्या भरल्या, बंदुकीच्या पहाऱ्यात गाडीत चढवल्या. मग तो रोज हॉलमध्ये येऊन खणांकडे बघायचा. खण रिकामे. गावांकडून काहीच येत नव्हतं. मला वाटलं, देश गप्प झाला.

एके सकाळी पिशव्या परत आल्या. सगळ्या. सुतळी तशीच, लाख तशीच, फोडलेलीसुद्धा नाही. प्रत्येकीवर त्या त्या पोस्टमास्तरने सरळ नियमाप्रमाणे शेरा मारून खाली सही केली होती : ‘घेण्यास नकार.’

अधिकाऱ्याने मला विचारलं, ‘हे असं चालतं?’

मी म्हटलं, ‘चालतं साहेब. घेणाऱ्याची मर्जी.’

त्या पिशव्या आणणाऱ्या गार्डाकडून बाकीचं कळलं. गावांनी आपसात डाक वाटायला सुरुवात केली होती. शेजारचं गाव शेजारच्या गावाला पिशवी देत होतं, पुलावर, फलाटावर, जमेल तिथे. इतकी वर्षं कोणाला सुचलं नव्हतं, कारण गरजच पडली नव्हती. आपलं सैन्यही त्याच वाटांनी निरोप पाठवत होतं. शत्रूच्या हातात खणांची एक भिंत तेवढी आली होती. पुढे तहाची बोलणी झाली आणि ते निघून गेले, ते तू रेडिओवर ऐकलंस.

पिशव्या परत आल्याचं मी त्याच दिवशी घरी सांगितलं तेव्हा आई इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘बघा, गावं शिकली. आपली दोन पोरं कधी शिकणार?’

ताई, तो खोकला मग थांबला नाही. डॉक्टर दोनदा आले, औषध मिळालं, हयगय काही झाली नाही. कडक थंडीत, दिवसाउजेडी, चहा थंड झाला म्हणून माझ्यावर कुरकुरत असताना ती गेली. शिंपीकाका आणि ऑफिसातली माणसं होती. डाक बंद होती, तुम्हाला कळवायचा मार्ग नव्हता. पण परवापासून मार्ग आहे, आणि तरी हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं.

तुम्ही दोघं तिला ‘हेड ऑफिस’ म्हणायचात. तुझं त्याला, त्याचं तुला, सगळं तिच्यामार्गे. तुमचं बिनसलं कशावरून हे मला नीट माहीत नाही, तिला माहीत होतं. ती निरोप पोचवताना त्यातलं तिखट काढून टाकायची, हे मी शेजारी बसून पाहिलंय. ती गेल्यावर मला पुन्हा वाटलं, संपलं सगळं. याही वेळी मी चुकलो असेन अशी आशा आहे.

काल धाकट्याचं पत्र आलं. त्यात तुझी चौकशी आहे. काय ते मी कळवणार नाही. मला ते काम जमत नाही, आणि आता ते कोणी करूही नये.

त्याला आईचं अजून माहीत नाही. त्याला लिहायला मी कागद घेतला होता, पण परत ठेवून दिला. तू पूल ओलांडून जा आणि तोंडाने सांग. पिल्लूला बरोबर ने, तिने मामाला पाहिलेलंच नाही. दार उघडायला तो वेळ लावेल, लहानपणापासून तसाच आहे. उभी राहा.

मग दोघं मिळून इकडे या. तुमची अंथरुणं मी उन्हात टाकली आहेत.

आजवर पत्राखाली ‘आई-बाबा’ असं तीच लिहायची. हे मी लिहितोय.

तुम्हा दोघांचे,
बाबा