नकाशावरचं वरचं बेट

मंगळवार, संध्याकाळ. ब्रॅकनेल.

रविवारी मेडनहेडच्या मंडळात मेजी काळातल्या जपानवर बोलायचंय. नकाशा मीच बनवला. सम्राटाचं नवं सरकार आलं तेव्हाचा जपान लाल, नंतर घेतलेला मुलूख केशरी. मांडणी साधी: आधी रेल्वे, शाळा, कारखाने, मग तैवान, कोरिया. इतिहासाची पदवी नसली तरी माझ्या तपशिलात चूक सापडत नाही, असं मंडळात म्हणतात. मीही म्हणतो.

जेवण झाल्यावर लेकीने, ईराने, लॅपटॉपवर नकाशा पाहिला. "बाबा, हा वरचा बेट आधीपासून रेड का? तिथे आयनू लोक राहायचे ना?"

"हा नाही, हे बेट."

"ओके, हे बेट. पण रेड का?"

होक्काइदो, मूळचं आयनूंचं. नव्या सरकारने ते अगदी सुरुवातीलाच ताब्यात घेतलं, नावही बदललं. मग माझं 'आधी' आणि 'मग' कुठे राहिलं? घरातल्या सुधारणा आणि बाहेरचा मुलूख घेणं, दोन्ही एकाच वेळी चाललं होतं. मला हे माहीत नव्हतं का? होतं. तरी रंग भरताना हात थांबला नाही.

आत्ता बेट केशरी केलं. भाषणाची सुरुवात नव्याने लिहावी लागणार. बेटाचं दक्षिणेकडचं टोक तेवढं लाल ठेवलंय, ते आधीपासून जपानकडे होतं. ईरा विचारेलच, टोक का सोडलं म्हणून. त्याचं उत्तर आहे माझ्याकडे.