हात न लावता पोहोचवलेला डबा

मंगळ, ६ जाने.
काल पोलिसांनी हिराक्काला एसटी स्टँडवरून उचललं. आप्पांचा कोडोलीहून फोन. आधी बाप म्हणून माझ्यावरच ओरडले, मग म्हणाले, "पाच वर्सं तुझं जेवण तिच्या हातनं आलंय. बघ आता काय करतीस."

वकिलीची सनद मिळून दहा महिने. सीनियर सरांच्या ऑफिसात आजवर तारखा घेतल्या, झेरॉक्स काढल्या. तरी वकीलपत्रावर आजच आक्काची सही घेतली. पोलीस कोठडीत ती मलाच म्हणाली, "घाबरू नगंस."

प्रकार असा. चंदगड गाडीतून आलेल्या डब्यात जेवणाऐवजी नशेच्या गोळ्या. आक्काने पिशवी एका चष्मेवाल्या पोराच्या हातात दिली आणि साध्या कपड्यातल्या पोलिसांनी दोघांना धरलं. तिसरा आरोपी तुषार. तो स्टँडवर कधी आलाच नाही. त्याचे फक्त फोन, आजवर चार वेळा: "आक्का, चंदगड गाडीला मित्राचा डबा हाय. ठेवून घे."

आक्का भिंतीकडेला शेंगा विकते. गावाकडच्या गाड्यांतून शिकणाऱ्या पोरापोरींचे डबे येतात, ते कंडक्टर तिच्याकडे देतात. तुषारच्या फोनमध्ये तिला वावगं काय वाटणार? असे दहा फोन रोज यायचे.

गुरु, ८ जाने.
दिवसभर लायब्ररी. एकच प्रश्न: पोहोचवलं कोणी?

तुषारचा वकील म्हणतो, माझ्या अशिलाने मालाला बोटही लावलेलं नाही. पण बोट लावायची गरजच नाही. माल कुठून निघणार, कोणाकडे थांबणार, कोण नेणार हे ज्याच्या शब्दावर चालतं, त्यानेच पोहोचवलं. मधले हात कितीही असोत.

मग मधल्या हाताचं काय? ताबा होता, हे नाकारता येत नाही. जाणीव होती का, एवढंच उरतं. आणि इथे अमली पदार्थ कायद्याचं कलम ३५ आडवं येतं. कोर्ट जाणीव होती असं धरून चालतं. नव्हती, हे आरोपीने दाखवायचं.

नव्हतं माहीत, हे दाखवायचं कशाने?

गोळ्यांची मात्रा कायद्याच्या हिशेबात मधली आहे, व्यापारी म्हणण्याइतकी मोठी नाही. म्हणजे जामिनाला वाट आहे. अर्ज टाकला.

सोम, १२ जाने.
जामीन अर्जावर सरकारी पक्षाचा से, म्हणजे लेखी म्हणणं, आला. सोबत एक कात्रण जोडलंय. आक्काच्या शेंगांच्या गाड्यावरून जप्त केलेलं, लॅमिनेशन केलेलं.

ते माझं आहे. कॉलेजच्या वार्षिकांकातला लेख, खाली माझा फोटो. "हिराक्का डबा कधीच उघडत नाही. नुसता हातात घेते आणि सांगते, आज मेथी, आज झुणका. तिचा हात चुकत नाही."

सेमधलं वाक्य: हातात घेताच डब्यात काय आहे हे आरोपी क्र. २ ला कळते, ही बाब तिच्या वकिलांनीच लिहून ठेवलेली आहे.

ऑफिसात सगळे हसले. सरसुद्धा. मी बाथरूममध्ये गेले, तोंड धुतलं, परत येऊन पंचनामा वाचायला घेतला.

किती चुकायची ती! मेथी म्हणायची आणि चुका-पालक निघायचा. पण लेखात ते बरं दिसलं नसतं म्हणून…

मंगळ, १३ जाने.
कळंबा जेल. आक्काला स्पष्ट विचारलं, "तो डबा हातात घेतल्यावर काही वाटलं नाही?"

"वाटलं की. हलका हुता. चारी येळंला हलकाच."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? म्हटलं, आई नसंल त्याची. बाप्याच्या हातचा डबा असाच असतोय, अर्धा रिकामा. आणि त्यो पोरगा बघितलास न्हवं, नुसती काडी. मग मी आपली एक भाकरी पिशवीत सारायची. माझ्यातली."

"डब्यात?"

"डबा कशाला उघडू? दुसऱ्याचं ताट हाय ते. वरनं, पेपरात गुंडाळून."

ऑफिसात येऊन पंचनामा पुन्हा उघडला. काल डोळ्यांखालून गेलं होतं आणि कळलं नव्हतं. पान तीन: निळी पिशवी, एक. स्टीलचा डबा, एक. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ज्वारीची भाकरी, नग एक.

बुध, १४ जाने.
सुट्टी असूनही सरांच्या घरी गेले. तिळगूळ हातावर ठेवला आणि लगेच भांडायला बसले.

सर: "भाकरीचं नाव काढलंस तर हलका होता हेही सांगावं लागेल. म्हणजे तिला संशय होता, हे आपणच कबूल करायचं? वर सरकारी वकील म्हणणार, भाकरी मुद्दाम ठेवली, वास लपवायला, देखावा म्हणून."

मी: "तिला कळलं ते हलकेपण. गोळ्या कळल्या नाहीत. काहीतरी कमी आहे हे कळणं आणि काय आहे हे कळणं, यात फरक आहे ना सर?"

सर: "सोपं आहे. लेख म्हणजे कॉलेजातल्या पोरीची अतिशयोक्ती, एवढं म्हण आणि खाली बस."

अतिशयोक्ती होतीच. तेही म्हणेन. पण तेवढंच म्हटलं तर भाकरी पंचनाम्यात नुसती पडून राहील.

शेवटी सर म्हणाले, "मग उभी तूच राहा. मी मागे बसतो."

शुक्र, १६ जाने.
उभी राहिले. पहिली दोन मिनिटं आवाज कुठून येत होता कळत नव्हतं. लेख माझा आहे आणि त्यातलं शेवटचं वाक्य खरं नाही, हे आधी सांगितलं. मग हलका डबा. मग भाकरी, पान तीन.

सरकारी वकील बरोबर तेच म्हणाले: देखावा.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "हलका वाटला तर उघडून का पाहिला नाही? एकदाही?"

तयारी केलेलं उत्तर विसरले. म्हणाले, "मॅडम, मी पाच वर्षं त्या भिंतीपाशी डबा घेतला. कधी शिळं असायचं, कधी नुसती चटणी. ती उघडत नाही म्हणूनच आमच्या आया तिच्याकडे देत होत्या."

त्यांनी काहीतरी लिहिलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. आदेश सोमवारी.

बाहेर सर म्हणाले, "शेवटचं कायद्यात बसत नाही." आणि मग, "चहा घे."

शनि, १७ जाने.
कळंबा. सगळं सांगितलं. आक्काने मन लावून ऐकलं.

"म्हंजे त्या तुषारनं हात न लावता पोचवलं. आणि मी हात लावून पोचवलं न्हाय?"

"तेच म्हटलं मी कोर्टात."

"आणि बाईंना पटलं?"

"माहीत नाही, आक्का."

"तुला पटलंय न्हवं?"

"हो."

"मग झालं," असं म्हणून ती उठली. जाताना वळली. "न्हाय पटलं तर?"

तर हायकोर्ट. त्याचं सर्किट बेंच आता इथेच आहे, मुंबईला जावं लागत नाही. अर्जाचा कच्चा मसुदा संध्याकाळी टाइप करून ठेवला. जामीनदार म्हणून आप्पा सात-बारा घेऊन सोमवारी पहिल्या गाडीने येतायत. तो मसुदा आणि जामिनाचे कोरे फॉर्म एकाच पिशवीत घातलेत. कोणते बाहेर काढायचे ते सोमवारी आदेशावर ठरेल.