खालच्या फळीवर मावतील तेवढीच काडतुसं

टोर्स्टाड, नॉर्थ डकोटा
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

ती. ऑर्लिनमामांस,
तुमचा भाचा कर्ट याचा सादर नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे आपल्याकडे ज्याला ठीक म्हणतात तसं : आईचा खुबा थंडीची चाहूल लागताच कुरकुरतो, शेजारच्या लायल फॉसमची सूर्यफुलं अजून शेतात उभी आहेत, आणि कोणी वारलेलं नाही. तुमचा गुडघा कसा आहे? ॲरिझोनात गुडघे दुखत नाहीत, असं तुम्ही नाताळच्या कार्डावर लिहिलं होतं. त्या कार्डावर त्याखेरीज फक्त सही होती (तीही आडनावासकट, जणू आम्हाला आणखी एखादे ऑर्लिनमामा आहेत), त्यामुळे मला विचारायला गुडघ्याशिवाय दुसरा विषय नाही. हरणांच्या शिकारीचा मोसम पुढच्या महिन्यात सुरू होतोय. जमलं तर या. आग्रह नाही, ओघात आलं म्हणून लिहिलं.

पत्राचं कारण वेगळं आहे. माझ्या पिस्तुलांच्या संग्रहातली कोणत्या मापाची कॅलिबर ठेवावीत आणि कोणती काढून टाकावीत, हे मला ठरवायचं आहे, आणि या विषयावर तुमच्याइतकं ठाम मत असलेला माणूस आपल्या घराण्यात (जिवंत) दुसरा नाही. प्रश्न पिस्तुलांचा नाहीच. पिस्तूल बिचारं तिजोरीत पडून राहतं. जागा खातात ती काडतुसं. प्रत्येक कॅलिबरची वेगळी, त्यांचे वेगळे साचे, वेगळी रिकामी पितळी नळकांडी, आणि शिसं ज्या मापाने वजनदार आहे ते वजन. हे सगळं तळघरात फ्रीझरच्या वरच्या फळ्यांवर होतं. फळ्या मीच ठोकल्या होत्या. त्या का पडल्या यावर मी बराच विचार केला आणि वजन हे एकच कारण नसावं, ठोकणाराही असावा, अशा निष्कर्षाला आलो.

फळ्या पडल्या त्या आठवड्यात चर्चचं लुटेफिस्कचं (त्या बुळबुळीत माशाचं) जेवण होतं आणि लेफ्सेच्या पोळ्या लाटण्यासाठी लागणारा मैदा फ्रीझरशेजारी उघड्या पिंपात होता. मी दोन दिवस गुडघ्यांवर रांगून सगळी काडतुसं गोळा केली, जातवार लावली, पुन्हा तपासली. तरीही चर्चच्या स्वयंपाकघरात मैदा चाळताना चाळणीत काहीतरी खुळखुळलं. अर्डिस फॉसमने (लायलची बायको, ती तीस वर्षं लेफ्से लाटते आहे आणि तिला कशाचंच नवल वाटत नाही) ते चिमट्याने उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाली, "पंचवीसची आहे. घाबरू नका गं, ही मैद्यालासुद्धा इजा करायची नाही." बायका हसल्या. माझी बायको हायडी हसली नाही. घरी येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "काही काही घरांत फ्रीझरच्या वर फ्रीझरच्याच वस्तू असतात म्हणे." आपल्याकडे हे ओरडण्यासारखंच आहे, हे तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी तिने नवी फळी सुताराकडून बसवून घेतली, एकच, जमिनीपासून वीतभर उंचीवर, आणि त्या एका फळीवर मावतील तेवढीच कॅलिबर घरात राहतील असं ठरलं. कोणी ठरवलं ते मला सांगता येणार नाही, पण मी त्या वेळी खोलीत होतो.

तर निवड. तुम्हाला ठाऊक आहे की माझा धंदा गारपिटीचं नुकसान मोजण्याचा. शेतकरी बाजूला उभा राहून सुस्कारे सोडतो आणि मी मक्याची पानं तपासत किती टक्के गेलं ते सांगतो. भावनेला जागा नाही. तीच पद्धत इथे लावायची असं मी रोजनिशीत लिहून ठेवलं. पहिली कसोटी : वापर. गेल्या वर्षभरात मी खरोखर कोणतं कॅलिबर झाडलं? उत्तर आलं, बावीस. तेही कोंबड्यांच्या खुराड्यामागे ठेवलेल्या टोमॅटोच्या डब्यावर. या कसोटीने बावीस सोडून बाकी सगळा संग्रह शोभेचा ठरला. निकाल इतका स्पष्ट होता की मी कसोटी बदलली. (हे प्रामाणिकपणाला धरून होतं का, यावर मी अजून विचार करतो आहे.)

दुसरी कसोटी : नाव आणि माप यांचा मेळ. हा मुद्दा मूळचा तुमचाच. अडतीस म्हणवणारी गोळी इंचाच्या शतांशांत मोजली तर छत्तिसालाही पुरी पडत नाही, चव्वेचाळीसचे जेमतेम त्रेचाळीस भरतात, आणि तीनशेऐंशी आणि नऊ मिलिमीटर यांची गोळी एकाच जाडीची असून दोघी एकमेकींना ओळख देत नाहीत. एकट्या एक्केचाळीस मॅग्नमचे मोजून एक्केचाळीसच भरतात, असं तुम्ही माझ्या लहानपणी दर रविवारी जेवणानंतर सांगत होतात, आणि बाबा बशीकडे बघत म्हणायचे, "खरं बोलते म्हणूनच तिला कोणी विचारत नाही." आता यात माझी पंचाईत अशी की एक्केचाळीसचं रिव्हॉल्व्हर आमच्याकडे नाहीच. अख्ख्या तालुक्यात एकच होतं, ते तुमच्याबरोबर ॲरिझोनाला गेलं. म्हणजे जी ठेवण्याच्या लायकीची तिचं हत्यार नाही आणि ज्यांची हत्यारं आहेत त्या लायकीच्या नाहीत. ही कसोटीही सोडली.

शेवटी लायलला विचारलं. लायल म्हणजे उतारावरून सुटलेली गाडी. "नऊ ठेव, बाकी सगळं संग्रहालयाला देऊन टाक," तो म्हणाला. "नऊ कुठेही मिळते. पेट्रोलपंपावर मिळते. उद्या जग बुडालं तर नऊ तरंगेल." मी म्हटलं, मग तुझ्या गाडीत दहा मिलिमीटर का असते? तो म्हणाला, "ते वेगळं. ते मला आवडतं." मला वाटतं, या विषयावर आजवर झालेल्या एकूण चर्चेत एवढं खरं वाक्य दुसरं नसेल. पण त्याला कसोटी म्हणता येत नाही.

असो. मी बावीस, नऊ आणि अडतीस अशी तीन ठेवली. (अडतीसची काडतुसं तीनशेसत्तावन्नच्या रिव्हॉल्व्हरमध्येही चालतात, म्हणजे एका भाड्यात दोन बिऱ्हाडं, हे हायडीलाही पटलं.) पंचवीस आणि बत्तीस लायल जत्रेच्या मैदानावरच्या बंदुकांच्या बाजारात घेऊन गेला आणि मोठ्या आनंदाने परत आला. दोन्ही गेली होती. बदल्यात त्याने माझ्यासाठी एक चव्वेचाळीस आणलं होतं, "जवळजवळ फुकटच म्हण." ते सध्या त्याच्याच घरी आहे. हायडीला ठाऊक नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण विचारलंच तर सांगेन.

आता खरी अडचण. पुढच्या बाजारासाठी लायलकडे द्यायचा माल मी गॅरेजमध्ये काढून ठेवत होतो. त्यात मार्जरिनच्या डब्यांची एक रांग निघाली. (आपल्याकडे मार्जरिनच्या डब्यात मार्जरिन कधीच नसतं, त्यामुळे मी उघडून पाहिले.) सगळ्या डब्यांत एक्केचाळीस मॅग्नम. मला वाटलं तुमच्या वेळचं जुनं सामान असेल. पण पितळ चकचकीत होतं. काडतुसं या वर्षीची भरलेली होती.

आपल्या घरात झाडलेली काडतुसं पुन्हा भरायचं काम आईचं, हे तुम्हीच तिला शिकवलंत. बाबांच्या मागे ती आमच्याकडे आली तेव्हा तिने शिवणयंत्र फॉसमांकडे ठेवलं आणि भरणीचं यंत्र मात्र बरोबर आणलं. गोधड्यांच्या मंडळातून आली की चष्मा बदलते आणि तळघरात यंत्रापाशी बसते. मी समजत होतो की ती माझी अडतीस भरते. मनात म्हणायचो, बरं आहे, हात चालू राहतात.

मी गॅरेजमध्ये उभा, हातात डबा, आणि ती दारात आली. "ते कुठे चाललं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं." मग तिने माझ्या हातातला डबा घेतला आणि कुरकुरणाऱ्या खुब्यासकट पायऱ्या उतरून तळघरात ठेवून आली. परत आली, दुसरा घेतला. मी म्हटलं, आई, या कॅलिबरचं हत्यारच घरात नाही. ती म्हणाली, "माहीत आहे." मी म्हटलं, फळीवर जागा नाही. ती म्हणाली, "मग बाबांची पंचेचाळीस काढ."

मामा, मी थक्क झालो. बाबांची पंचेचाळीस मी निवडीत धरलीच नव्हती. तिला कसोटी लावायची नाही, असं आमच्यात न बोलता ठरलेलं होतं. मी तसं म्हटलं. त्यावर ती म्हणाली, आणि हे तिचं वाक्य जसंच्या तसं देतो, "हार्लन काही परत यायचा नाही. तो गाढव येऊ शकतो."

गाढव कोण, ते मी विचारलं नाही.

बाबांच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण झालं तेव्हा मी तुमच्या समोरच्या बाकावर होतो. त्यामुळे जे सांगतो ते पाहिलेलं आहे. आई कॉफीची किटली घेऊन फिरत होती. तिने तुम्हाला विचारलं. तुम्ही "नको, उगाच त्रास कशाला" म्हणालात, रीतीप्रमाणे. तिने दुसऱ्यांदा विचारलं. "अर्धा कप असता तर... पण नको, राहू दे," हेही रीतीप्रमाणेच. आपल्यात कोण दोनदा नको म्हटल्याशिवाय कॉफी घेतं? पण तिसऱ्यांदा विचारायच्या आधी तुम्ही बाकाकडे वळून बाबांचा तो कोल्हा सांगितलात : हार्लनने त्याच्यावर पंचेचाळीस रिकामी केली आणि कोल्हा शेवटी म्हातारपणाने मेला. सगळे हसले. पास्टरसुद्धा हसले. बाबा असते तर तेही हसले असते, हे मी खात्रीने सांगतो. पण आईची किटली वळली आणि लायलच्या कपावर गेली. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. तुम्ही टोपी घेतलीत, आणि बर्फ वितळायच्या आत तुमच्या घरावर विक्रीची पाटी लागली. लोकांना वाटतं की तुम्ही गुडघ्यासाठी ॲरिझोनाला गेलात. यात चूक कोणाची, हे मी टक्क्यांत काढून पाहिलं, पण प्रत्येक वेळी बेरीज शंभराच्या वर जाते.

तर माझी अडचण अशी : फळीवर जागा नाही, आई एक्केचाळीस काढू देत नाही, मला पंचेचाळीस काढवत नाही. सध्या अडतीस हायडीच्या बुटांच्या कपाटात गेली आहे. जाणकार म्हणून तुमचं मत कळवावं. वरच्या खोलीत पलंग मोकळा आहे, हीटर दुरुस्त केला आहे. प्रत्यक्ष येऊन फळी पाहिलीत तर सल्ला देणं सोपं जाईल. पण नसेल जमत तर पत्रही चालेल.

गुडघ्याला जपा. हायडीचा नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
कर्ट नेलांड

ता. क. : पत्र लिहिताना आई दोनदा मागून गेली. कोणाला लिहितोस, असं तिने विचारलं नाही. मात्र एक्केचाळीसची दारू जुनी झाली की भरवसा राहत नाही, ती काडतुसं या मोसमातच झाडून टाकायला हवीत, असं ती सिंककडे तोंड करून म्हणाली.

आणखी ता. क. : हायडीला चव्वेचाळीस कळलं. अर्डिसने सांगितलं. तुम्ही आलात तर त्या आठवड्यात तो विषय निघणार नाही असं वाटतं, पण हे माझ्या मनात आधीपासून होतं की आत्ता आलं, ते मला ठरवता येत नाहीये.

शेवटचं : लखोटा चिकटवणार तेवढ्यात आई येऊन समोर बसली. "विचारलंस का त्याला?" मी म्हटलं, दोनदा विचारलं, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. तिने खिडकीबाहेर लायलच्या सूर्यफुलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग आणखी एकदा विचार. माझ्याकडून."

तर मामा, येता का? पहिल्या दोन वेळा वाचताना तुम्ही मान हलवून नको म्हणाला असाल, ते रीतीप्रमाणे झालं. या वेळचं नको मात्र खरं धरलं जाईल. रिव्हॉल्व्हर तेवढं घेऊन या. काडतुसं आणू नका.