लुरीनचं गाणं

३१ मे १९३१

आज टेकडीवर थडग्यांची साफसफाई. फुलं वाहून झाल्यावर लुरीनच्या थडग्यापाशी सगळ्यांनी माझं गाणं म्हटलं. दोन वर्षांपूर्वी, तिला पुरायच्या आदल्या दिवशी, नवऱ्याचे, कॉयचे खाणीतले कपडे धुता धुता केलेलं. आता सगळ्या खोऱ्याला पाठ. कॉय मात्र फाटकापाशीच उभा. लेकीचं नाव त्याच्या तोंडून तेव्हापासून निघालेलं नाही.

४ जून

गाण्यांच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा माणूस गावात आलाय. ज्यानं गाणं केलं, त्याचं नाव तबकडीवर छापणार म्हणे. मी जाणार! धाकटा दीर हार्लन गिटार घेऊन सोबत येतोय.

६ जून

संपलं सगळं.

हार्लननं मला बाहेर बसवलं. "वहिनी, त्या तबकडीच्या यंत्रात बाईचा आवाज चिरका येतो." स्वतःच गायला. वर सांगितलं, "गाणं जुनं आहे, चाल मी बसवली." मी आत घुसून भांडले. तेव्हा त्या माणसानं झेल्फीमावशीला विचारलं. गाण्यांच्या बाबतीत इथं तिचा शब्द शेवटचा.

"माझी आजी म्हणायची हे," मावशी म्हणाली. "अगं, असली गाणी कोणी करत नसतं. ती असतातच."

खोटं बोलत नव्हती म्हातारी. कौतुकच करत होती! इथं गाणं चांगलं निघालं की ते कुणाच्या तरी आजीचं होतं.

कॉयही दाराशी येऊन उभा होता. मी त्याच्याकडे वळले. "तू तरी सांग." तो हातातल्या टोपीकडे बघत राहिला. "मला नाही आठवत," म्हणाला.

७ जून

चूल पेटवली नाही. त्याच्याशी बोलले नाही.

१९ जून

हार्लननं गाण्यात 'लुरीन'च्या जागी 'रोझी' घातलंय. ऐकायला गोड वाटतं म्हणे.

पोरीचा फोटो नाही. थडग्यावरची फळी कुजली, अक्षरं गेली. तिचं नाव उरलं होतं ते त्या गाण्यात. आता कशासाठी जगायचं, काही कळत नाही. गाणं सुचत नाही. सुचलंच तर तोंड दाबून बसेन.

१४ नोव्हेंबर

झेल्फीमावशीकडे रेडिओ ऐकायला सगळे जमले होते. मला ओढूनच नेलं. हार्लनचा आवाज आला. 'रोझी' आली. मी भिंतीकडे तोंड केलं.

कॉय उठला. रेडिओ बंद केला. आणि पहिल्या ओळीपासून स्वतः म्हणायला लागला, भसाड्या आवाजात. नावापाशी अडला. मग म्हणाला — लुरीन.

"हिनं केलंय हे," तो मावशीला म्हणाला. "कपडे धुताना. मी दाराआड उभा होतो."