वाटेचे आइतवार

नांदूरघाट, २ डिसेंबर १९१९

प्रिय अंजना,

तुला आणि मास्तरांना सलाम. शेजारच्या रहेमतबीचा कय्युम उद्या पेरू घेऊन गेवराईच्या बाजाराला निघालाय. तिथून उमापूरला कुणाच्या तरी हाती हे पोचतं करीन म्हणाला, म्हणून वळत होतो तो दोर खाली ठेवून लिहायला बसलो. माझं अक्षर शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाचं. ओळ खाली घसरली तर तूच वर ओढून वाच.

इकडं तुरीला शेंगा धरल्यात. अंबाडीही यंदा चांगली भिजली, सालीचा वाख लांब निघतोय. शेळी व्याली, दोन करडं झाली. तू असतीस तर एकाचं नाव ठेवून मोकळी झाली असतीस.

परवा पहिला आइतवार झाला. तू लहान असताना पाद्रीसाहेबांच्या मडमेनं तिच्या मुलखाची रीत सांगितली होती, तुला आठवत असेल. हिरव्या पाल्याचं कडं करायचं, त्यावर चार दिवे ठेवायचे आणि नाताळापर्यंत दर आइतवारी एकेक लावत जायचा. मला काही ते कडं उमगलं नाही. मी आपला वाख वळला आणि गोल करून प्रार्थनेला नेला. तुझी आई सगळ्यांदेखत म्हणाली, “अहो, ही तर चुंबळ झाली. हिच्यावर घागर ठिवू का दिवे?” मडम पोट धरून हसली. तेव्हापासून आपल्या घरी चुंबळच. तिला तुरीच्या डहाळ्या बांधायच्या, वर चार पणत्या, आणि वात लावायचा मान घरातल्या सगळ्यात लहानाचा.

पाद्रीसाहेब त्या दिवसांना आगमनकाळ म्हणायचे. तुझ्या आईनं तो शब्द कधी तोंडात घेतला नाही. “काळ म्हटलं की काळाला ऐकू जातं. लेकराबाळांच्या घरात कावून बोलवायचं त्याला?” पाद्रीसाहेबांनी लई समजावलं, की बाई, इथं काळ म्हणजे नुसते दिवस. ती म्हणाली, “तुमी पुस्तकातलं म्हणा, मी घरातलं म्हन्ते.” आणि तिनंच नाव पाडलं, वाटेचे आइतवार. ज्याची वाट बघायची त्याचे. मग आपल्या सगळ्याच ख्रिस्ती घरांत तेच नाव झालं.

तुझ्या दान्याला ते नाव फार आवडायचं. चुलीपाशी बसून विचारायचा, “आजी, कुठवर आला गं येशू?” ती भाकरी थापता थापता सांगायची, “चौसाळ्यापत्तर आलाय. पाय दुखले म्हणून बसलाय जरा.”

गेल्या वर्षी नेहमीसारखी तू त्याला घेऊन आलीस. दुसऱ्या आइतवारी त्यानं पणती लावली, बोट पोळलं तरी रडला नाही. मग मानमोडीचा ताप आला. घरटी कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं, औषध कुणाला ठाऊक नाही. तिसरा आइतवार आपल्या दान्यानं पाहिलाच नाही.

माती लोटून झाली तेव्हा तू आईकडं वळलीस. “लई वाट बघितलीस ना? आला बघ काळ.” एवढंच बोललीस आणि त्याच दिवशी मास्तरांबरोबर उमापूरला गेलीस. मी तुला बोल लावत नाही, माय. पोटचं गेल्यावर तोंडातून काय निघावं, हे दुसऱ्यानं कसं सांगावं? मला वाटलं, मायलेकी आहेत, काही दिवस अबोला धरतील, मग एक जण आधी रडेल आणि सुटेल.

परवा मी चुंबळ वळली, डहाळ्या आणल्या. पणत्या कुठं ठेवल्यास म्हणून विचारलं, तर तुझी आई शेळीला पाला टाकता टाकता म्हणाली, “मी न्हाई आता कुणाची वाट बघणार.” मी एकट्यानंच पणती लावली, प्रार्थना म्हटली. ती बाहेर ओट्यावर बसून राहिली. रहेमतबी येऊन तिच्याशेजारी टेकली.

इतके दिवस मी समजत होतो, ती तुझ्यावर रुसलीय. रुसली असती तर हे लिहिलंच नसतं. तुमचं तुम्ही निस्तरलं असतं. पण काल कय्युमची धाकटी रांगत आपल्या उंबऱ्याशी आली. तुझ्या आईनं तिला उचललं नाही. आत गेली आणि दार लोटून घेतलं. मी रागावलो, तेव्हा बोलली. “अंजी खरं बोलली. मीच बोलवलं त्याला. आता दुसऱ्याच्या लेकराला कावून हात लावू?” अंजना, तुझ्या आईला तुझं बोलणं खरं वाटलंय. मी सांगितलं, पाद्रीसाहेबांनी सांगितलं, रहेमतबीनंही सांगितलं, जिच्या स्वतःच्या घरातली दोन माणसं त्याच तापानं नेली. आमचं कुणाचं तिच्या कानात शिरत नाही. तिसऱ्या आइतवाराच्या आत ये. पणती लावू नकोस, मन नसलं तर प्रार्थनेलाही बसू नकोस. तिला फक्त तुझ्या तोंडानं सांग, की तो ताप होता.

तुझाच,
बा